उभ्या गाडीचा काटा चढतो? इंजिन खोलण्याआधी पंखा तपासा

आखाडा बाळापूर : हिंगोली-नांदेड रस्त्यावर गाडी पळते तोवर काटा मधोमध असतो. पण बाजाराच्या गर्दीत किंवा लग्नाच्या मांडवापुढे दहा मिनिटे चालू ठेवून उभी केली की काटा लाल पट्टीकडे चढतो. जुनी अल्टो, मारुती ८००, इंडिका वापरणाऱ्या अनेकांची ही अडचण. अशा वेळी 'इंजिनचं काम निघालं' म्हणून घाबरू नका. पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्या.

कारण साधे आहे. गाडी पळताना समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते. उभी राहिली की ते काम पंख्याचे. पळतानाही गाडी तापत असेल तर मात्र कुलंट कमी असणे, थर्मोस्टॅट अडकणे, वॉटर पंप खराब होणे किंवा बोअरच्या क्षाराच्या पाण्याने रेडिएटर चोंदणे, ही कारणे बघावी लागतात.

अशी करा तपासणी

१) गाडी थंड असताना कुलंट बघा. गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नका, उकळते पाणी तोंडावर उडते.

२) इंजिन चालू ठेवून गाडी उभी करा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा आपोआप सुरू व्हायला हवा.

३) सुरू झाला नाही तर एसी लावून बघा. एकच पंखा असलेल्या गाडीत एसी लावताच तो फिरला, तर मोटार चांगली आहे. दोष सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये असू शकतो.

४) तरी फिरत नसेल तर इंजिन बंद करून फ्यूज बघा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार लावली तर वायरिंग पेटू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटार जाम आहे किंवा वायर शॉर्ट आहे.

५) रिले बदलून बघा. हॉर्नचा रिले तसाच असेल तर तात्पुरता लावता येतो.

६) शेवटी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पंख्याचा प्लग काढून मोटारीला थेट बॅटरीचा करंट द्या. फिरली तर मोटार ठीक. नाही फिरली तर कार्बन झिजले किंवा मोटार जळाली.

मोटार बदलल्यावर जाळीपुढे कागद धरा. तो आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर वायरी उलट्या जोडल्या आहेत.

एक खबरदारी : इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो. हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

अनेक जण पंख्याला वेगळे बटण लावून 'डायरेक्ट' करून घेतात. पण बटण दाबायचे विसरले की गाडी तापलीच. मग हेड गॅस्केट जाते आणि थोडक्यात भागणारे काम हजारोंवर जाते.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका.

रात्री-अपरात्री पेशंट नांदेडला न्यायचा तर गावात हीच जुनी गाडी कामी येते. म्हणून उन्हाळ्याआधी एकदा पंखा फिरतो का, एवढे बघून ठेवा.