माझी हरवलेली नाडी

आमच्या लहानपणी घरी वैद्यबुवा आले, की आधी मनगट पुढे करावे लागे. नाडीवर तीन बोटे ठेवून, डोळे मिटून ते मनाशी काहीतरी मोजीत आणि आई त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राही. नाडी म्हणजेच जीव, अशी आमची समजूत! तीच नाडी माझ्या उजव्या मनगटावरून नाहीशी झाली, आणि मी मात्र खुशाल चहा पीत, वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो.

झाले ते असे. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली म्हणून एका इस्पितळात माझी अँजिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेली. नंतर रक्त येऊ नये म्हणून मनगटावर पट्टा आवळला, तो रात्रभर तसाच. बोटे बधिर झाली, पण 'उगीच कशाला तक्रार?' म्हणून मी गप्प राहिलो. यंदा पुन्हा दुखू लागले, तेव्हा नव्या डॉक्टरांनी मनगट चाचपले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सोनोग्राफीच्या यंत्राने पाहून ते म्हणाले, "काका, ही रोहिणी बुजली आहे."

माझ्या पोटात गोळाच आला. "मग हात कसा चालतो?"

"हाताला दोन रोहिण्या असतात. एक अंगठ्याच्या बाजूने, दुसरी करंगळीच्या बाजूने. तळहातात त्या कमानीसारख्या एकमेकींना मिळतात. एका घरातल्या दोन जावाच म्हणा ना! एक अंथरुणाला खिळली, तरी दुसरी संसार ओढते."

"मग बिघडले काय?"

"वाट बंद झाली, हे बिघडले. या हातातून आता नळी सहजी जायची नाही. पुढेमागे बायपास करावी लागली, तर हीच रोहिणी काढून हृदयाला जोडता येते. मूत्रपिंडे थकली, तर डायालिसिससाठी मनगटातला जोड हिच्यावरच करतात. ती ठेवणीतली पुंजी गेली."

पूर्वी ही नळी बहुधा जांघेतून घालीत. तेथील रोहिणी मोठी. पण रक्तस्राव झाला तर तो आतल्या आत होई, आणि रोग्याला तासन् तास उताणे पडावे लागे. १९८९ साली कॅनडातील माँट्रिऑलच्या डॉ. ल्युसियाँ कांपो यांनी मनगटातून केलेल्या शंभर तपासण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९९२ साली अॅमस्टरडॅमच्या डॉ. फर्डिनांड किमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. रक्तस्राव कमी झाला आणि रोगी लवकर चालू लागला.

अडचण एवढीच, की ही वाट फार अरुंद. मनगटातील रोहिणी अवघी दोन-तीन मिलिमीटर रुंद, आणि नेहमीच्या सहा नंबरच्या म्यानाची बाहेरची जाडी सुमारे अडीच मिलिमीटर! आतले नाजूक अस्तर खरवडले जाते, रोहिणी आखडते. आणि वरून पट्टा आवळून प्रवाहच थांबविला, की आत रक्ताची गुठळी धरते.

आता माझा डावा हातच उरला होता. तोही गेला तर? टेबलावर निजलो, तेव्हा छातीपेक्षा मनगटाचीच धास्ती जास्त होती. डॉक्टरांनी आधी यंत्राने रोहिणी मोजली आणि पडद्यावर पाहत पहिल्याच टोचणीत सुई घातली. म्यान त्यातल्या त्यात बारीक निवडले. रोहिणी सैल पडावी म्हणून नायट्रोग्लिसरीन दिले, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिले. स्टेंट बसला!

खरी मौज पुढेच. पट्टा बांधल्यावर त्यांनी माझ्या अंगठ्याला प्राणवायू मोजण्याचा चिमटा लावला आणि करंगळीच्या बाजूची रोहिणी दाबून धरली. पडद्यावर लाट उठेना. त्यांनी पट्टा किंचित सैल केला. लाट उठली! म्हणजे भोकातून रक्त गळत नव्हते, पण आतला प्रवाह चालू होता. दोन तासांनी पट्टा हळूहळू सैल करीत काढलाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ४३६ रोग्यांवरील एका चाचणीत नेहमीसारखा पट्टा बांधलेल्यांपैकी शेकडा १२ जणांची रोहिणी दुसऱ्या दिवशी बुजलेली आढळली. असा प्रवाह राखून बांधलेल्यांत शेकडा ५ जणांची. खर्च काय, तर थोडे लक्ष!

वाचकहो, आपल्या घरी कोणावर हा प्रसंग आला, तर पट्ट्याला स्वतः हात लावू नका; पण बोटे बधिर, गार किंवा निळी पडली, हात सुजून दुखू लागला, तर माझ्यासारखे भिडेने गप्पही राहू नका. आणि घरी निघताना डॉक्टरांना अवश्य विचारा, "रोहिणी वाहती आहे ना, ते पाहिलेत का?"

हल्ली मी रोज सकाळी चहाआधी डाव्या मनगटावर तीन बोटे ठेवतो. सौ. विचारते, "वैद्यबुवा, काय मोजता?"

मी म्हणतो, "मोजीत नाही गं, जागेवर आहे ना, तेवढे पाहतो!"