गडग्याच्या अलीकडचे रान

१८६२ सालच्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर इनामाची मोहीम जोरात चालली. फुरशाच्या दंशाने माणसे दगावत, म्हणून ब्रिटिश सरकार मारलेल्या फुरशामागे काही पैसे देत असे. त्या महिन्यात हे इनाम दोन आण्यांवर नेले आणि अवघ्या आठ दिवसांत १ लाख १५ हजारांहून अधिक फुरशी मारली गेली. मग दर पुन्हा उतरवला. त्याला दीडशेहून जास्त वर्षे लोटली, तरी देवगड-राजापूरच्या सड्यावर चिऱ्याचा तुकडा उचलण्याआधी जाणता माणूस आजही तो काठीने उलटवून पाहतो. फुरसे तिथेच आहे.

ते जाणार तरी कुठे? फूट-दीड फुटाचा हा साप, रंग मातीचा, अंग खरखरीत. डिवचला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खर्रखर्र आवाज करतो. कातळाची भेग, गडग्यातली फट, आंब्याखाली साठलेला पाला ही त्याची घरे. विंचू, गोम, बेडूक, सरडे, उंदराची पिल्ले हे त्याचे खाणे, आणि या सगळ्याची कोकणातल्या घराभोवती कधीच टंचाई नसते. चिऱ्यावर चिरा रचून घातलेला गडगा घरमालकाला हद्द म्हणून हवा असतो. त्याच्या फटींत मात्र एक अख्खी वस्ती नांदते.

कोकणातले घर रानातच उभे असते. कौलांखाली माळा, मागील दारी न्हाणी आणि लाकूडफाट्याची खोप, गोठ्याशेजारी गवताची उडवी, पलीकडे माडा-पोफळीचे आगर आणि विहीर. यातली एकेक जागा कुणा ना कुणा रानवासी जिवाला सोयीची असते. प्राणी घरात शिरला की तो आपल्यावर चालून आला असे वाटते. खरे तर तो जे शोधत येतो ते आपणच तिथे मांडून ठेवलेले असते. भात असले की उंदीर, उंदीर असले की साप, सापामागे मुंगूस. हा हिशेब ज्या घराला नीट कळला त्या घरात दुर्घटना कमी होतात.

माळ्यावर रात्री कुणी चालल्यासारखे वाजते ते बहुतेकदा उदमांजर, कोकणात काही ठिकाणी त्याला कांडेचोर म्हणतात. अंग राखट-काळपट, शेपटी लांब, चढण्यात पटाईत. पिकलेला आंबा, फणस, केळी, भेरली माडाची फळे त्याला फार आवडतात. फळ पचते, बी तशीच बाहेर पडते, आणि तीही बहुधा एखाद्या उघड्या दगडावर किंवा पायवाटेवर. रानातली कितीतरी झाडे अशीच पेरली जातात. मोठी वटवाघळेही हेच काम करतात. समुद्राकाठच्या उंडीची फळे ती दूर नेऊन खातात आणि बिया टाकून देतात. सकाळी अंगणात पडलेल्या या बिया झाडून टाकताना त्या आल्या कुठून हे मुलांना सांगायला हवे.

सापांबद्दल मात्र सांगावे तेवढे थोडेच. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, म्हशीच्या नाकपुडीत शेपटी घालून तिला मारते, असे सांगणारी माणसे अजून गावोगाव भेटतात. यातले काहीही खरे नाही. सापाचे तोंड दूध ओढून पिण्याजोगे नसते. गोठ्यात धामण येते ती उंदरांसाठी. ती बिनविषारी असते. तरीही आठ फुटांपर्यंत वाढणारा तिचा देह बघून माणसे घाबरतात आणि शेतकऱ्याच्या फायद्याचा साप काठीखाली मरतो.

ज्यांना खरेच जपायला हवे ते मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यातही मण्यारीची गोष्ट वेगळी आहे. ती रात्री फिरते, उंदीर-पालींच्या, दुसऱ्या सापांच्या मागावर घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक, की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देत बसतात. म्हणून पावसाळ्यात खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हा मण्यारीवरचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची ताकद मोडते. लहान दवाखान्यातही याची एक साधी चाचणी करता येते: रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिले तर शरीरात विष भिनले आहे असे समजून डॉक्टर प्रतिविष सुरू करतात. घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनणारे हे प्रतिविष या चारही सापांवर चालते. मुंबईत परळची हाफकिन संस्था या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते.

औषध आहे, तरी माणसे मरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले बहुसंख्य खेड्यातले होते. दंशाच्या जागी चिरा देणे, दोरी करकचून आवळणे, मांत्रिकाच्या ओट्यावर दोन तास घालवणे यांतच कित्येकांचा वेळ जातो. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्यात ठरले आहे.

हे अशक्य नाही, आणि त्याचा दाखला महाडलाच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने लहान मुले डोळ्यांदेखत मरत. विंचू चावल्यावर हृदय कसे थकते, फुप्फुसांत पाणी कसे भरते, याची त्यांनी रुग्णाशेजारी रात्री काढून टिपणे ठेवली. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीने त्यांनी उपचार केले, आणि जिथे शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत तिथे हे प्रमाण एकाच्या घरात आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू आजही कौलांत, लाकडांत, चपलेत सापडतो. फरक पडला तो एका डॉक्टरच्या चिकाटीने. लाख फुरशी मारून जे साधले नाही ते इथे एका गोळीने साधले.

घरातून परसात आले की प्रश्न जिवाचा कमी आणि पोटाचा जास्त होतो. साळिंदर रात्री येऊन सुरण, रताळी, कणगर उकरते, माडा-पोफळीची कोवळी रोपे बुडाशी कुरतडते. ते काटे बाणासारखे सोडते ही समजूत चुकीची आहे; काटे फुलवून ते पाठमोरे अंगावर येते आणि सैल काटे समोरच्याच्या अंगात रुततात. रानडुकरांचा कळप तयार भातात एक रात्र घुसला तर वर्षाचे पीक लोळवून जातो. माकडे आणि वानर तर दिवसाढवळ्या येतात: कोवळे नारळ, केळीचे घड, काजूची बोंडे, पडवळ-दोडकी, काही म्हणता काही सोडत नाहीत. त्यांच्या त्रासाने घरामागे भाजी लावणेच सोडून दिलेली घरे रत्नागिरी-सिंधुदुर्गात जागोजाग आहेत. दोडामार्ग तालुक्यात २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती उतरले तेव्हापासून तिथल्या बागायतदारांना केळी-माडांची राखण हत्तींपासूनही करावी लागते.

या माणसांना शहरातून वन्यजीवप्रेमाचे धडे देणे अन्यायाचे आहे. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा यांत तिची किंमत उतरते. भरपाई वेळेवर आणि बाजारभावाने मिळाली तर रान राखायला गावच पुढे येईल.

ती मिळत नाही तिथे फासकी लागते. मोटारसायकलच्या क्लचची तार कुंपणाच्या खिंडीत लावायची, डुक्कर अडकेल या आशेने. अडकतो तो पुष्कळदा बिबट्या. कमरेभोवती तार आवळलेला बिबट्या सुटायची धडपड करतो आणि तार आणखी रुतते. बिबट्या कोकणातल्या वाड्यांना नवा नाही. तो कुत्र्यामागे अंगणात येतो, भक्ष्यामागे धावताना कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, आणि वनखात्याची माणसे पिंजरा सोडून त्याला वर काढतात.

बिबट्या पकडून दूर सोडला की प्रश्न सुटतो, असे पुष्कळांना वाटते. जुन्नर भागात २००१ नंतर हेच केले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा उलटेच दिसले: सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते, परतीची वाट धरते. अत्रेय यांच्या गटाने पुढे अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेवरून कळले की ८७ टक्के आहार पाळीव आणि भटक्या जनावरांचा आहे, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. उकिरडा उघडा ठेवला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. जुन्नर-शिरूर पट्ट्यात अलीकडे लहान मुलांचे बळी गेले आहेत. तिथे बंदिस्त गोठा, अंगणातला दिवा आणि संध्याकाळनंतर मुलांबरोबर मोठे माणूस, एवढे तरी व्हायलाच हवे.

दिवाळीच्या तोंडावर आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याचे नाव घेतात त्या घुबडाचा याच दिवसांत तंत्रमंत्राच्या नादाने चोरटा व्यापार होतो आणि बळी दिला जातो. माळ्यावर राहणारे गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारते. त्याला मारणाऱ्याच्या घरी फक्त उंदीर वाढतात.

गावाने मनावर घेतले तर काय होते हे चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात दिसले. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने खवले मांजर वाचवण्याचे काम हाती घेतले होते. दात नसलेला, लांब चिकट जिभेने मुंग्या-वाळवी टिपणारा हा लाजाळू प्राणी, भ्यायला की अंगाचा गोळा करतो आणि शिकाऱ्याच्या पोत्यात आयता जातो. एका वेळी बहुधा एकच पिल्लू, त्यामुळे गेलेली संख्या भरून येत नाही. २०१६ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला. पण बंदीचा कागद रानात पहारा देत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत डुगव्याच्या ग्रामस्थांनी खवलोत्सव भरवला, खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा करून तिला पालखीतून मिरवले. वाळवी खाणारा हा प्राणी गावचा आहे, असे गावाने देवासमोर ठरवले.

या दिवाळीत अनेक चाकरमानी महिनोन्‌महिने बंद असलेले गावचे घर उघडतील. दार उघडल्यावर आधी उजेड येऊ द्या, कोपऱ्यात हात घालण्याआधी काठी फिरवा, चपला झाडून पायात घाला, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका. लाकूडफाटा भिंतीपासून दूर रचा, विहिरीला कठडा बांधा, खरकटे उघड्यावर टाकू नका. साप दिसला तर लांब उभे राहून लक्ष ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा. कुणाला चावलाच तर धीर द्या, तो अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. प्रतिविष कोणत्या सरकारी दवाखान्यात ठेवलेले असते याची चौकशी गावात पोचल्याच्या पहिल्याच दिवशी करा आणि त्याचा फोन क्रमांक पडवीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.