सहा डोलकाठ्यांचं 'वायोमिंग': जगातल्या सर्वात लांब लाकडी जहाजांपैकी एक बुडालं कसं?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याला समुद्रकिनाराच नाही. तरीही एका अवाढव्य लाकडी मालवाहू जहाजाला या राज्याचं नाव मिळालं. कारण साधं होतं. तिथले गव्हर्नर ब्रायंट ब्रूक्स यांनी त्यात पैसे गुंतवले होते.

१५ डिसेंबर १९०९ रोजी मेन राज्यातल्या बाथ गावी, पर्सी अँड स्मॉल यांच्या गोदीतून 'वायोमिंग' पाण्यात उतरलं. हे 'स्कूनर' होतं, म्हणजे त्याची शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेनं लावलेली होती. अशी शिडं डेकवरूनच हाताळता येतात. जहाजावर वाफेचं इंजिनही होतं, पण ते जहाज चालवायला नव्हे, तर शिडं आणि नांगर ओढायला! त्यामुळे सुमारे ६,००० टन कोळसा वाहून न्यायला जेमतेम १३-१४ माणसं पुरायची. वारा फुकट आणि पगार मोजकेच, म्हणून आगबोटींच्या काळातही हा धंदा परवडत होता.

खरी अडचण लांबीची होती. पुढे-मागे बाहेर आलेली लाकडं धरून जहाज सुमारे ४५० फूट भरायचं. एवढं लांब लाकडी अंग समुद्रात ताठ राहत नाही. लाट मधोमध आली की दोन्ही टोकं खाली झुकतात, लाट टोकांखाली गेली की मधला भाग खचतो. या सततच्या वाकण्यानं फळ्यांमधल्या फटी उघडतात आणि पाणी आत येतं. बांधणाऱ्यांना हे चांगलंच माहीत होतं. त्यांनी आतून पोलादी पट्ट्या ठोकल्या होत्या. तरीही पाणी उपसायला पंप लागायचेच.

मार्च १९२४ मध्ये 'वायोमिंग' नॉरफॉक बंदरातून कोळसा भरून कॅनडातल्या सेंट जॉनकडे निघालं. केप कॉडजवळ वादळानं गाठलं, तेव्हा त्यानं नांगर टाकला. जवळच पाच डोलकाठ्यांचं 'कोरा एफ. क्रेसी' नांगरून उभं होतं. तेही याच गोदीत बांधलेलं. त्याच्या कप्तानानं धोका ओळखून नांगर उचलला आणि जहाज खोल समुद्रात नेलं. वादळात किनाऱ्यापासून लांब जाणं वेडेपणाचं वाटेल, पण उथळ पाण्यातल्या लाटा जास्त घातक असतात.

'क्रेसी' वाचलं. 'वायोमिंग'वरचं मात्र कुणीच परतलं नाही. त्याचे अवशेष नान्टुकेट बेटाच्या किनाऱ्याला लागले, पण बुडालेला सांगाडा सापडायला २००३ साल उजाडलं.

'क्रेसी'चं पुढे काय झालं? मेनमधल्या ब्रेमेन इथं, लॉब्स्टर साठवण्याच्या जागेपुढे लाटा अडवायला ते कायमचं उभं केलं गेलं.