गोठवण्याच्या उपचारात दाबाचा काटा महत्त्वाचा

गर्भाशयाच्या मुखावर कर्करोगापूर्वीचे बदल आढळले, तर तेवढा भाग गोठवून नष्ट करता येतो. यंत्रात दाबाखालचा नायट्रस ऑक्साईड वायू बारीक छिद्रातून सुटतो, एकदम फुगतो आणि धातूचे टोक उणे ८९ अंशांपर्यंत गार होऊ शकते. ३ मिनिटे गोठवायचे, ५ मिनिटे वितळू द्यायचे, पुन्हा ३ मिनिटे गोठवायचे, अशी रीत आहे. सिलिंडरचा दाब कमी पडला तर गारवा खोल जात नाही; बिघडलेल्या पेशी जिवंत राहतात आणि बाई मात्र बरी झाल्याच्या समजुतीत घरी जाते. म्हणून आधी दाबाचा काटा पाहिला जातो. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव होतो, त्याला घाबरू नये. वर्षाने फेरतपासणी चुकवू नये.