प्लायवूडचा डिंक आणि लेझरचा धूर

दारावरची नावाची पाटी, शाळेच्या स्नेहसंमेलनातील सन्मानचिन्ह, गणपतीचे मखर या वस्तू आता लेझर यंत्रावर प्लायवूड किंवा एमडीएफ कापून तयार होतात. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून लाकडी फळीच्या मखरांकडे लोकांचा ओढा वाढला. जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावातही एखाद्या गाळ्यात असे यंत्र बसवून तरुण मुलगा धंदा करू शकतो. धंदा चांगला आहे. मात्र असे काम करणारी मुले डोळे चुरचुरतात, घसा धरतो, सुटीच्या दिवशी बरे वाटते, अशी तक्रार घेऊन आली की मी पहिला प्रश्न विचारतो, "फळी कोणती कापता?"

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून दाबलेली फळी. एमडीएफमध्ये पापुद्र्यांऐवजी लाकडाचे बारीक तंतू असतात. दोन्हींत लाकडाइतकेच महत्त्व डिंकाला असते. हा डिंक मुख्यतः दोन प्रकारचा.

पहिला युरिया-फॉर्मल्डिहाइड. हा स्वस्त व फिकट रंगाचा. बाजारात ज्याला एमआर, म्हणजे ओल सोसणारे प्लायवूड म्हणतात, त्यात बहुधा हाच असतो. साध्या एमडीएफमध्येही हाच. ओल आणि उष्णता लागली की हा डिंक हळूहळू सुटतो आणि फॉर्मल्डिहाइड वायू हवेत येतो. परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या बंद गाळ्यात हे प्रमाण वाढणारच.

दुसरा फिनॉल-फॉर्मल्डिहाइड. हा गडद तपकिरी. उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या प्लायवूडसाठी तो वापरतात. आय.एस. ७१० या मानकाच्या मरीन प्लायवूडला ७२ तास उकळण्याची कसोटी असते. यातून वायू फारच कमी सुटतो, म्हणून स्वयंपाकघर व झोपण्याच्या खोलीतील कपाटासाठी तो बरा.

मग सगळीकडे मरीनच का वापरू नये? कारण लेझरला ते सोसत नाही. फिनॉलचा डिंक उष्णतेला दाद देत नाही. कापण्यासाठी यंत्राची शक्ती वाढवावी लागते, एकाच रेघेवरून दोन-तीनदा फिरवावे लागते, कडा कोळशासारख्या काळ्या पडतात आणि धूर अधिक होतो. म्हणजे घरासाठी चांगली असलेली फळी कापणाऱ्यासाठी त्रासाची ठरते. म्हणून पाट्या व शोभेच्या वस्तूंसाठी सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे, आतील थर एकसारखे असलेले, ई-० किंवा ई-१ दर्जाचे (कमी वायू सोडणारे) घरगुती वापराचे प्लायवूड घ्यावे. आत गाठी, पोकळ्या वा भरलेली लांबी असली की लेझर तिथेच अडतो.

केवळ रंगावरून डिंक ओळखू नका; रंग मिसळूनही तो गडद दिसतो. फळीवर आय.एस.आय. चिन्ह, मानकाचा क्रमांक व परवाना क्रमांक आहे का पाहा. पूर्ण ताव घेण्यापूर्वी एक तुकडा कापून बघा.

आता धुराचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची भुकटी १९९५ मध्ये आणि फॉर्मल्डिहाइड २००४ मध्ये माणसात कर्करोग घडविणाऱ्या घटकांत धरले. घरातील हवेत फॉर्मल्डिहाइड दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे याच संघटनेने २०१० मध्ये सांगितले. भिंतीवरच्या एका पाटीने कुणी आजारी पडत नाही, घाबरू नये. खरा धोका रोज आठ-दहा तास यंत्राशेजारी बसणाऱ्याला आहे. दमा असलेल्याला तर आणखी जास्त.

त्यासाठी काही पथ्ये सांगतो. यंत्राचे झाकण बंद ठेवून धूर पंख्याने नळीतून बाहेर, माणसांच्या डोक्यावर उंच सोडा. शेजारच्या चहाच्या टपरीवर नव्हे. रुमाल किंवा कापडी मास्क वायू अडवत नाही, हे लक्षात ठेवा. कापताना यंत्र सोडून जाऊ नका, जवळ अग्निशामक ठेवा. कापलेल्या वस्तू काही दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवून मगच घरात न्या आणि उघड्या कडांना वॉर्निश लावा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. सनबोर्ड नावाने मिळणारे पीव्हीसीचे ताव किंवा पीव्हीसीचा थर असलेली फळी लेझरवर घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओलाव्याशी मिळून त्याचे तीव्र आम्ल बनते. ते फुप्फुस भाजते आणि यंत्रही गंजवते.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, छातीत शिट्टी वाजू लागली किंवा चढण चढताना दम लागू लागला, तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. काय काम करता आणि कोणती फळी कापता, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. निदानाला तेवढ्याने मोठी मदत होते.