‘डायनमो’ची जुनी परीक्षा

वस्तू बदलली तरी तिचे नाव लोकांच्या तोंडी टिकून राहते, हे भाषेच्या अभ्यासकांस नवे नाही. मोटारीची बॅटरी भारित करणाऱ्या यंत्रास पुष्कळ कारागीर अद्याप ‘डायनमो’च म्हणतात. वस्तुतः १९६० साली क्रायस्लरच्या व्हॅलियंट गाडीत आल्टरनेटर आला, आणि पुढे डायनमो मागे पडत गेला. नाव उरले, यात काही बिघडले नाही. परंतु नावाबरोबर परीक्षेची जुनी रीतही उरली, व ती मात्र घातक होय. इंजिन चालू असता बॅटरीची तार सोडवावयाची. इंजिन बंद न पडल्यास डायनमो ठीक समजावयाचा, अशी ती रीत.

आल्टरनेटरातील प्रत्यावर्ती प्रवाह सिलिकॉनच्या डायोडांमुळे एकदिश होतो. बॅटरी अकस्मात दूर होताच विद्युद्दाब क्षणभर अनेक पटींनी उसळू शकतो, आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो. परीक्षेपूर्वी धडधाकट असलेले यंत्र परीक्षेनेच निकामी व्हावे, हा प्रकार विलक्षणच!

साधा व्होल्टमीटर हेच काम निर्धोकपणे करतो. बारा व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी काही तास विसावल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन किंचित वेगाने चालविल्यास हा आकडा सामान्यतः १३.८ ते १४.५ पर्यंत चढावा. दिवे लावल्यावरही तो फारसा उतरू नये. तो मुळीच न चढल्यास पट्टा सैल आहे काय व तारांची टोके गंजली आहेत काय, हे आधी पाहावे. बॅटरीस दोष त्यानंतर द्यावा. पंधराच्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतील पाणी आटू लागते.