तिपेडी वेणीचे गणित

मानवी शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे एकतृतीयांश भाग एकट्या कोलॅजेनचा असतो. हाडे, कातडी आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा यांचे बळ त्याच्यावरच अवलंबून असते. अलीकडे हे नाव सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतून घरोघरी पोहोचले. परंतु त्याची रचना उलगडणाऱ्या गो. ना. रामचंद्रन यांचे नाव मात्र तितके पोहोचलेले नाही.

१९५२ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, रामचंद्रन मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख झाले. त्याच सुमारास तेथे आलेल्या जे. डी. बर्नाल यांच्याशी बोलताना कोलॅजेनची रचना अद्याप अनिर्णित असल्याचा विषय निघाला. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गजाचा तर्कही तेथे चुकला होता. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेवर क्ष-किरण सोडून त्यांच्या विखुरण्याचे ठसे अभ्यासले आणि १९५४-५५ मध्ये उत्तर मांडले: प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून, आपल्याकडील तिपेडी वेणीप्रमाणे, एकच दोर बनवितात.

या वेणीचा नियम कठोर आहे. तिन्ही पेड जेथे एकत्र येतात त्या गाभ्यात जागा इतकी अपुरी असते की, तेथे ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच मावू शकते. म्हणून साखळीत दर तिसऱ्या स्थानी ग्लायसीन हवेच. एका साखळीत सुमारे एक हजार दुवे असतात. त्यांतील एका ग्लायसीनच्या जागी दुसरे, थोराड अमिनो आम्ल आले, तरी पीळ बिघडतो. अस्थिभंगुरतेच्या जन्मजात विकाराचे हे एक प्रमुख कारण होय. त्याच्या उग्र प्रकारात बालकाची हाडे मातेच्या उदरातच मोडलेली असतात. हजारात एका अक्षराची चूक. छापखान्यात ती खपून जाते, देहात नाही. ‘क’ जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्हीही याच वेणीच्या सैलपणाचा रोग आहे.

मद्रासच्या या प्रतिकृतीवर फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी १९५५ मध्ये आक्षेप घेतला. त्यांच्या मते तीत काही अणू एकमेकांच्या फार निकट आले होते आणि हायड्रोजन बंध दोन नव्हे, एकच असावा. तपशिलापुरता हा आक्षेप सयुक्तिक होता. तथापि तीन साखळ्यांची मूळ कल्पना अबाधित राहिली. श्रेयाच्या वादात रामचंद्रन यांच्यावर अन्याय झाला असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. पण रामचंद्रन यांनी त्या टीकेतून जे उभे केले ते अधिक मोलाचे ठरले. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याची त्यांनी ज्ञात स्फटिकांवरून काटेकोर छाननी केली. त्यातूनच १९६३ मध्ये, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह, प्रथिनसाखळीला कोणकोणती वळणे शक्य आहेत हे दाखविणारा आलेख सिद्ध झाला.

रामचंद्रन २००१ साली निवर्तले. नव्याने उलगडलेल्या प्रथिनाची रचना, मग ती प्रयोगशाळेतील असो वा संगणकाने वर्तविलेली, आजही या आलेखावर तपासून घेतली जाते. त्यातील निषिद्ध प्रदेशांत ठिपके फार दिसले, तर चूक प्रथिनाची नसून संशोधकाची असण्याचाच संभव अधिक. अपवाद एका ग्लायसीनचा: बाजूस अडणारी शाखाच नसल्याने ते इतरांना मज्जाव असलेल्या भागांतही सहज वळते.